पाणी सोडण्याआधीचे दोन महिने

(हुतात्मा भाई कोतवाल यांच्या स्मरणार्थ भिवपुरी येथे दिलेले व्याख्यान)



१९४२ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत भाई कोतवालांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत पथकाने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. माथेरानचा हा वकील, नगरपालिकेत काम केलेला माणूस. सरकारला नेमके कुठे लागेल हे त्यांना पक्के ठाऊक होते. घाटमाथ्यावरचे पाणी खाली आणून तयार होणारी वीज मुंबईच्या गिरण्या आणि कारखाने चालवत होती. मनोरा पडला की मुंबई खडबडून जागी होत असे. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना हौतात्म्य आले. हे आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. पण मनोरे पाडण्याआधी याच माणसाने कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारे काढली होती, खेड्यांत शाळा सुरू केल्या होत्या, हे आपण कमी सांगतो. कोठाराचे छप्पर गळाले असते तर मुंबईत कोणाला त्याची खबरही लागली नसती. मोडल्याबरोबर सत्ता धावत येते अशी काही बांधकामे असतात. काही मात्र वर्षानुवर्षे मोडलेली असूनही कोणी फिरकत नाही. ही दुसऱ्या प्रकारची बांधकामे, म्हणजे आपले कालवे, मोऱ्या, साकव, जुने पूल, यांच्या दुरुस्तीवर सरकार पैसा का खर्च करत नाही आणि करते तेव्हा नेमका कधी करते, याविषयी मला आज बोलायचे आहे.

माझी नोकरी सरकारी बांधकामांच्या हिशेबात गेली. त्यामुळे पूल, कालवा, रस्ता यांच्याकडे मी प्रथम कागदाच्या बाजूने पाहतो. ही दृष्टी अपुरी आहे, पण आजच्या विषयाला उपयोगाची आहे, कारण बहुतेक पूल नदीत पडण्याच्या कितीतरी आधी कागदावर पडलेले असतात.

हा विषय मांडायला भिवपुरीसारखी दुसरी जागा मला सुचत नाही. वर मावळात ठोकरवाडीचे धरण. आंध्रा नदीचे पाणी खरे म्हणजे इंद्रायणी, भीमा, कृष्णा असे करत पूर्वेच्या समुद्राला जायचे. आंध्रा व्हॅली कंपनी १९१६ साली स्थापन झाली, तिने ते पाणी अडवून पश्चिमेला वळवले आणि सुमारे पाचशे मीटर खाली आणून १९२२ मध्ये इथले वीजघर सुरू केले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. मूळ यंत्रे कधीच निवृत्त झाली. गेल्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या जागी नवे संच आले आणि आजही इथून पंचाहत्तर मेगावॅटच्या आसपास वीज निघते. वीज काढून झाल्यावर हेच पाणी पेज नदीत सुटते. पेज बारमाही वाहते ती या पाण्यामुळे. आणि याच पाण्यावर राजनाला कालवा चालतो, ज्याच्या भरवशावर कर्जत तालुक्यातले शेतकरी उन्हाळी भात लावतात.

वीजघर आणि कालवा यांचे पाणी एक, डोंगर एक, पाऊस एक. तरी वीजघर शंभर वर्षांनी धडधाकट आहे, आणि कालव्याच्या दुरुस्तीचे रडगाणे मात्र आपण वर्षानुवर्षे ऐकतो. अस्तर फुटलेले, गाळ साचलेला, भरावातून पाणी पाझरते, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वाट्याला ओलसुद्धा येत नाही. दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवला की उन्हाळी भाताचा हंगाम जातो, आणि हेही राजनाल्याच्या शेतकऱ्यांनी सोसलेले आहे. गाळ आहे म्हणून पाणी नाही, दुरुस्ती चालू आहे म्हणूनही पाणी नाही.

लोक सरळ सांगतात, वीजघर खासगी आहे आणि कालवा सरकारी आहे. हे उत्तर मला पुरत नाही. गुजरातमधल्या मोरबीचा झुलता पूल एका खासगी कंपनीच्याच ताब्यात होता. दुरुस्ती करून तो लोकांसाठी उघडला आणि काही दिवसांतच, ३० ऑक्टोबर २०२२ रोजी, तुटला. १३५ माणसे गेली. चौकशीत काय निघाले? पुलावर नवी फरशी बसवली होती, पण मुख्य केबलच्या ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या. लोकांच्या नजरेला पडेल तेवढे नवे केले आणि ज्याच्या जोरावर पूल उभा होता ते जुने तसेच ठेवले. तेव्हा मालक कोण हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न हा की दुरुस्तीचा पैसा कोणत्या वाटेने येतो आणि ती झाली नाही तर कोणाच्या खात्यात तूट दिसते.

वीजघराचा हिशेब पाहा. विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. दर ठरवताना यंत्रांची देखभाल-दुरुस्ती हा खर्च धरलेला असतो, घसारा धरलेला असतो. म्हणजे यंत्र झिजते हे आधीच मान्य केलेले असते आणि त्या झिजेचे पैसे दर महिन्याच्या वीजबिलातून वसूल होतात. दुरुस्तीसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. संच बंद पडला तर त्याच दिवशी तो तोटा म्हणून दिसतो.

आता कालव्याचा किंवा पुलाचा हिशेब. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्च दोन बाजूंना लिहिला जातो, महसुली आणि भांडवली. नवा रस्ता, नवा पूल ५०५४ या लेखाशीर्षाखाली, म्हणजे भांडवली. त्यांची देखभाल-दुरुस्ती ३०५४ खाली, म्हणजे महसुली. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या कोणत्याही सरपंचाला हे दोन आकडे तोंडपाठ असतात. पण त्या आकड्यांमागचे राजकारण फारसे बोलले जात नाही. दहा कोटींचा नवा पूल बांधला तर सरकारी भाषेत ती ‘मत्तानिर्मिती’ होते, गुंतवणूक होते, तिच्यासाठी कर्ज काढणे रास्त मानले जाते. जुन्या पुलावर दहा लाख खर्चून त्याचे आयुष्य वीस वर्षांनी वाढवले तर ते दहा लाख महसुली तुटीत जातात. महसुली तूट आटोक्यात ठेवा असे आपला २००५ चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा सांगतो. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच राज्याच्या महसुली उत्पन्नातला निम्म्याहून अधिक पैसा जातो आणि त्यांना हात लावता येत नाही. मग कात्री कशाला लागणार? जो खर्च या वर्षी टाळला तर या वर्षी काहीच बिघडत नाही, त्याला.

त्यात आणखी एक भर पडली. २०२०-२१ पासून केंद्र सरकार राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज देते, ते भांडवली कामांसाठी. योजनेचा हेतू चांगला आहे, राज्यांनी ती घेऊ नये असे मी म्हणणार नाही. पण तिचा कल कुणीकडे आहे ते ओळखले पाहिजे. नव्यासाठी पन्नास वर्षांची उधारी, जुन्यासाठी चालू वर्षाची चणचण. खासदार निधीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तर देखभाल-दुरुस्ती ही न करायच्या कामांच्या यादीतच होती. दुरुस्ती हे ज्या त्या खात्याचे नेहमीचे काम आहे, लोकप्रतिनिधीच्या निधीने त्याच्या वर काहीतरी द्यावे, असा त्यामागचा विचार असणार. विचार म्हणून ठीक आहे. पण नेहमीचे काम नेहमी होत असेल तरच तो ठीक.

आणि झीज कुठे लिहितात? कुठेच नाही. सरकारी हिशेब रोखीचा असतो. पैसे आले, पैसे गेले. एखादा पूल दरवर्षी थोडा थोडा मरतो आहे, याची नोंद करायला त्या वहीत रकानाच नाही. दुरुस्तीचे पाच लाख वाचवले तर बचत दिसते आणि पुलाचे पाच कोटींचे नुकसान झाले तर काहीच दिसत नाही. मी सगळी नोकरी असल्या वह्या लिहिण्यात काढली, म्हणून खात्रीने सांगतो की यात कोणाची लबाडी असण्याची गरजच नाही. प्रामाणिक माणसांनी नियमाप्रमाणे लिहिलेल्या वहीतूनही पूल पडू शकतो.

कोकणातले घर कोणी असे चालवत नाही. आगोटीच्या आधी कौले चाळायची, लाकूडफाटा भरायचा, हा खर्च कोणी विचारून करत नाही. मे महिन्यात तो होतोच. सार्वजनिक कामांना मात्र मे महिनाच नाही. आता मी ज्या मुद्द्यासाठी आज इथे आलो त्याकडे येतो. तो वेळापत्रकाचा आहे.

राजनाल्यासारख्या कालव्याची दुरुस्ती कधी करता येते? पावसाळ्यात येत नाही. थंडीत पाणी सोडले की पुढे भात तयार होईपर्यंत कालवा वाहता ठेवावा लागतो, तेव्हाही येत नाही. पाऊस ओसरल्यापासून पाणी सोडेपर्यंतचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, फार तर डिसेंबरचे काही दिवस, एवढीच खरी संधी. त्या दोन महिन्यांत माती ओलसर असते, चांगली ठोकून बसते, मजूर मिळतात, आणि मागच्या हंगामात पाणी कुठून गळत होते ते पाटकऱ्याच्या डोळ्यांपुढे असते.

आता पैशाचे वेळापत्रक पाहा. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होते. पहिले काही महिने खात्यांना अर्थसंकल्पातला थोडाच हिस्सा वापरायला मिळतो. ऑक्टोबरमध्ये कार्यालयात विचारले तर उत्तर ठरलेले, अनुदान नाही. डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशनात पुरवण्या मागण्या मंजूर होतात. जानेवारीत प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बीडीएसवर, म्हणजे निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, पैसे येतात, रात्री उशिरापर्यंत कार्यालये उघडी राहतात, ३१ तारखेच्या आत खर्च झाला पाहिजे म्हणून सगळ्यांची धावपळ. त्या रात्री कालवा कसा असतो? काठोकाठ भरलेला. उन्हाळी भात पोटरीत असतो. म्हणजे पाणी असते तेव्हा पैसा येतो, आणि पाणी नसते तेव्हा पैसाही नसतो. अशा वेळी दोनच मार्ग उरतात. निधी परत जाऊ द्यायचा, नाहीतर पुढच्या हंगामाचे पाणी बंद करून मोठे काम काढायचे. अधिकाऱ्याने कोणताही मार्ग निवडला तरी शेतकऱ्याचे नुकसान ठरलेले.

दुरुस्ती म्हणजे काय, हे जरा जवळून पाहू. कालव्याच्या भरावाच्या खालच्या अंगाला प्रथम ओल दिसते. आजूबाजूचे गवत वाळले तरी तेवढा पट्टा हिरवा राहतो. मग तिथून पाण्याची बारीक धार निघते. पाणी नितळ असेल तोवर फारशी भीती नसते, थोडा पाझर मातीच्या प्रत्येक भरावाला असतोच. धार गढूळ झाली की समजायचे, आतली माती पाण्याबरोबर बाहेर येऊ लागली, आत पोकळी वाढते आहे. खेकड्याचे बीळ असेल, कुजलेले मूळ असेल, अस्तराची भेग असेल. याच अवस्थेत तिथे खणून चिकणमाती थराथराने ठोकून भरली तर चार मजुरांचे दोन दिवसांचे काम. तसेच सोडले तर एके रात्री तिथे खांड पडते, खालच्या शेतात वाळू आणि गाळ पसरतो, आणि काम लाखांवर जाते.

नितळ आणि गढूळ यातला फरक ओळखायला कालव्यावर रोज फिरणारा माणूस लागतो. पाटकरी लागतो, कालवा चौकीदार लागतो. जलसंपदा खात्यात ही माणसे निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. पगार वाचले. शिवाय चार मजुरांच्या दोन दिवसांच्या कामाचे कागदपत्र चार कोटींच्या कामाइतकेच. अंदाजपत्रक तसेच करायचे, एम.बी., म्हणजे मोजमाप वही, तशीच भरायची, देयक तसेच तपासायचे. एम.बी.च्या पानावर लांबी, रुंदी, खोली लिहून गुणाकार करायचा असतो. खेकड्याचे बीळ बुजवले तर लिहिणार काय? अशी वीस छोटी कामे करणारा शाखा अभियंता वीस वेळा लेखापरीक्षणाच्या तावडीत सापडतो. एक मोठे काम करणारा एकदाच. कंत्राटदारालाही छोट्या कामात रस नसतो. म्हणून सगळ्यांची नकळत एकच इच्छा तयार होते. जरा थांबू, अजून थोडे मोडू दे, मग ‘विशेष दुरुस्ती’त घेऊ. नाहीतर पूर येऊ दे, पूरहानीत घेऊ. पूरहानीचा पैसा लवकर मंजूर होतो, कारण तेव्हा छायाचित्रे असतात.

या थांबण्याची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजलेली आहे. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल, १९२८ साली बांधलेला, पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने गेली. शोध कित्येक दिवस चालला, काही जण शेवटपर्यंत सापडले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. पुढचे मला जास्त अस्वस्थ करते. नवा पूल १६५ दिवसांत बांधून झाला आणि ५ जून २०१७ रोजी त्याचे उद्घाटन झाले. ज्यांनी तो बांधला त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. पण मग अभियंते होते, पैसा होता, यंत्रणा होती, वेगही होता. कमी होते ते एकच. २ ऑगस्टच्या आधी त्या पुलावर कोणी मेलेले नव्हते.

मुंबईत सीएसएमटीसमोरचा हिमालय पूल १४ मार्च २०१९ ला कोसळला. त्याचे तर संरचनात्मक परीक्षण झाले होते आणि किरकोळ दुरुस्ती पुरेशी आहे असा शेरा होता. त्याच वर्षी २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले. गळती आहे हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. आणि आपल्याच डोंगराच्या पलीकडे, घाट चढून गेले की मावळात, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा लोखंडी पूल १५ जून २०२५ रोजी रविवारच्या गर्दीने पडला, चार जण गेले. तिथे नव्या पुलाला निधी मंजूर झालेला होता. नवा पूल येणार म्हणून जुन्याकडे पाहायचे नाही, आणि नवा तर कागदावरच. या मधल्या काळात माणसे जुन्यावरूनच चालतात.

या चारही घटनांनंतर परीक्षणाचे आदेश निघाले. परीक्षण हवेच. पण परीक्षणाला पैशाचे पाय जोडले नाहीत तर अधिकारी संकटात सापडतो. ‘धोकादायक’ लिहिले तर पूल बंद करावा लागतो, गावे तुटतात, आमदारांचा फोन येतो, आणि दुरुस्तीला पैसे तर नसतातच. ‘योग्य’ लिहिले तर आजचा दिवस निभावतो. ज्याच्या हाती दुरुस्तीची तरतूद नाही त्याच्याकडून खरा शेरा मागणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

रेल्वेत यावर एक उपाय मुरलेला आहे. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या घाटात रुळांची रोज पायी तपासणी होते, पावसाळ्याआधी सैल दरडी शोधून पाडल्या जातात. एखाद्या ठिकाणी रूळ किंवा पूल कमजोर वाटला तर तिथे लगेच वेगमर्यादा लागते. तेवढ्या टप्प्यात प्रत्येक गाडी हळू जाते, रोज उशीर होतो, रोज वर विचारणा होते. दुर्लक्षाचा खर्च रोजच्या रोज दिसतो, म्हणून दुरुस्तीला जोर येतो. सावित्रीच्या पुलावर असे काहीच नव्हते. तो मोडकळीला आला तरी वाहने त्याच वेगाने जात राहिली.

अर्थात रेल्वेलाही हे कायम साधले असे नाही. डॉ. अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२ मध्ये सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी लागतील असे सांगितले. २०१७-१८ मध्ये तेवढाच राष्ट्रीय रेल संरक्षा कोष जाहीर झाला. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालात दिसले की त्यातून पाय चेपायची यंत्रे आणि क्रॉकरीसुद्धा घेतली गेली. म्हणून स्वतंत्र कोष काढला की झाले, असे मला म्हणता येत नाही. कोषाचे कुलूप कोणाकडे आहे आणि त्याची वही कोण वाचतो, हे तितकेच महत्त्वाचे.

नव्याच्या मोहाचे आपल्या तालुक्यातले उदाहरण सर्वांना माहीत आहे. उल्हास नदीवर राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाणे धरण व्हायचे होते. २०११ मध्ये धरणाची उंची वाढवली गेली आणि सुमारे ऐंशी कोटींची किंमत थोड्याच दिवसांत सव्वातीनशे कोटींच्या पुढे गेली. त्यावरून राज्यभर वादळ उठले, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले, आणि पुढे प्रकल्प नवी मुंबई परिसराच्या पाण्यासाठी सिडकोकडे गेला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील, मी त्यात पडत नाही. मला एवढेच दिसते की एका तालुक्यात, एका नदीच्या खोऱ्यात, न झालेल्या धरणासाठी काही दिवसांत अडीचशे कोटींची वाढ मंजूर होऊ शकली, आणि झालेल्या कालव्याची गळती बुजवायला ऑक्टोबरमध्ये काही लाख मिळत नव्हते. २०१२ च्या सिंचनाच्या त्या मोठ्या वादात धरणांच्या किमतींवर खूप बोलणे झाले. बांधून झालेल्या कालव्यांच्या टोकाला पाणी का पोचत नाही, हा प्रश्न तेव्हाही मागेच राहिला.

जिल्ह्याच्या पैशाचे वाटप जिल्हा नियोजन समितीत होते आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. २०२५ च्या जानेवारीत रायगडच्या पालकमंत्रिपदाची नेमणूक जाहीर झाली आणि लगेच स्थगित करावी लागली. एवढी ओढाताण का होते, हे समजून घ्या. कोणत्या गावाला नवा रस्ता, कोणत्या वाडीला नवा साकव, हे ठरवण्याची ती जागा आहे. त्या जागेसाठी भांडणाऱ्यांपैकी कोणी जुन्या साकवांच्या डागडुजीसाठी भांडल्याचे मी ऐकलेले नाही. पण इथे बोट एकट्या पुढाऱ्यांकडे दाखवणे मला पटत नाही. आपण गावकरी त्यांना विचारतो काय? ‘या पाच वर्षांत काय आणलेत?’ असे विचारतो. ‘जे होते ते कसे राखलेत?’ असे विचारणारा मतदार त्यांना भेटलेला नाही. ज्याला नारळ फोडायला बोलवायचे त्याला आपण हारही घालतो. गाळ काढलेल्या मोरीपाशी कोणी सत्कार ठेवल्याचे मला आठवत नाही.

मग पैसा कुठून आणायचा? माझे म्हणणे असे की राजनाल्यापुरता तो याच नदीत आहे. भिवपुरीतून सुटणारे पाणी पुढे उल्हासला मिळते आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण-डोंबिवली ही शहरे उन्हाळ्यात त्याच नदीतून पाणी उचलतात. शहरांना आणि उद्योगांना लागणारे घाऊक पाणीदर जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवते, आणि प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातच लिहिले आहे की पाणीपट्टीतून देखभाल-दुरुस्तीचा खर्च निघाला पाहिजे. तत्त्व मान्य आहे, कायदा झालेला आहे, पट्टीही वसूल होते. ती पट्टी ज्या खोऱ्यातून आली त्या खोऱ्याच्या कालव्यांवर, ऑक्टोबरच्या आत, पाणी वापर संस्थांच्या सहीने खर्च व्हावी, एवढीच पायरी राहिली आहे. वीजबिलात यंत्राची झीज धरता येते, तर नळाच्या बिलात कालव्याची का नाही?

आणि ही गोष्ट आत्ताच बोलायला हवी, कारण भिवपुरीत नवे काही येते आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने टाटा पॉवरशी सामंजस्य करार केला. पुणे जिल्ह्यात शिरवटा इथे १,८०० मेगावॅटचा आणि आपल्याकडे भिवपुरीला १,००० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प, दोन्ही मिळून सुमारे १३,००० कोटींची गुंतवणूक. पाणी खाली सोडून वीज करायची आणि वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी पुन्हा वर चढवायचे. सूर्याच्या विजेच्या काळात असे प्रकल्प लागणार, त्याला माझा विरोध नाही. पण पाण्याच्या या नव्या वेळापत्रकात राजनाल्याचे आवर्तन कुठे बसते आणि कालव्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च कोणाच्या वहीत, कोणत्या महिन्यात लिहिला जाणार, हे प्रकल्प चालू होण्याआधी कागदावर यायला हवे. शंभर वर्षांपूर्वी धरणे झाली तेव्हा खालच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते. तेव्हा राज्य परक्यांचे होते.

म्हणून कालव्याकाठच्या गावांना माझी एक विनंती आहे. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. तिच्या आधीच्या आठवड्यात चार माणसांनी, त्यांत एक तरी जुना पाटकरी असावा आणि दोन तरी बाया असाव्यात, आपल्या गावच्या हद्दीतला कालवा पायी चालून पाहावा. कुठे अस्तर सुटले, कुठे झाडाचे मूळ शिरले, कुठल्या दारातून मागच्या हंगामात पाणी वाया गेले, शेवटच्या शेतापर्यंत पाणी किती दिवस पोचले, हे तारखेसह वहीत लिहावे. ती वही ग्रामसभेत वाचून ठराव करावा, त्याची एक प्रत उपविभागीय अभियंत्याला आणि एक जिल्हा नियोजन समितीला द्यावी. जिल्हा वार्षिक योजनेचा आराखडा थंडीतच तयार होतो, तेव्हा ही यादी त्यांच्या टेबलावर असली पाहिजे. पुढच्या वर्षी त्याच वहीत पुढच्या पानावर लिहावे, मागच्या वर्षीचे कोणते काम झाले, कोणते नाही, आणि नसेल तर कोणत्या कार्यालयाने काय उत्तर दिले. आमदार मते मागायला गावात येतील तेव्हा ही दोन पाने त्यांना वाचून दाखवावीत.